मुठीतला पहारेकरी
लष्करात शस्त्रदुरुस्तीत आयुष्य गेलं, म्हणून अमेरिकेतल्या भाच्याने परवा फोनवर विचारलं, "मामा, माझ्या १९११ पिस्तुलाला बाजारातली नवी ग्रिप सेफ्टी बसवू का?"

जॉन ब्राउनिंगच्या या पिस्तुलात मुठीमागची ही पट्टी तळहाताने दाबल्याशिवाय ट्रिगर मागे सरकत नाही. मूळ पट्टीचं शेपूट आखूड. मागे येणारा हॅमर अंगठ्याजवळची कातडी चिमटायचा. म्हणून अमेरिकी लष्कराने १९२० च्या दशकातच ते लांबवलं. आताची बाजारातली पट्टी आणखी रुंद, पण ती कानशीने जुळवावी लागते. नको तिथे घासलं, तर मूठ छान बसते आणि पहारेकरी झोपतो.

मी म्हटलं, "जाणत्या कारागिराकडेच दे. परत घेताना रिकाम्या पिस्तुलाची पट्टी न दाबता ट्रिगर ओढून दाखवायला सांग. सरकला, तर घेऊ नकोस."