तळपायावरचा काळा डाग: मेलनोमाबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मेलनोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग आहे. या रंगपेशी त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी असतात. त्यांची वाढ बेताल झाली की आधी त्या त्याच थरात आडव्या पसरतात. या काळात त्वचेवर फक्त एक डाग दिसतो. पुढे त्या खोल उतरतात, लसिकावाहिन्यांतून आणि रक्तातून शरीरभर जाऊ शकतात. आडव्या वाढीचा हा काळ काही महिन्यांचा, कधी काही वर्षांचाही असतो, आणि आजार पूर्ण बरा होण्याची खरी संधी याच काळात असते. रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर तालुक्यांत ही संधी बहुतेक वेळा तळपायावर असते, आणि तिथे कोणी पाहत नाही.

“हा गोऱ्या लोकांचा आजार”

या समजाला आधार आहे, म्हणूनच तो घातक ठरतो. ऑस्ट्रेलियात वर्षाला लाखामागे पस्तीसच्या आसपास लोकांना मेलनोमा होतो, भारतात लाखामागे एकालाही नाही. सावळ्या त्वचेतले रंगद्रव्य उन्हातील अतिनील किरणे अडवते. त्यामुळे गोऱ्या माणसांच्या पाठीवर, पोटरीवर, चेहऱ्यावर होणारा मेलनोमा इथे विरळा. मात्र या आजाराचा एक प्रकार उन्हाला जुमानत नाही. तो तळपाय, तळहात आणि नखाखालची त्वचा इथे होतो. अमेरिकी डॉक्टर रीड यांनी १९७६ मध्ये त्याचे स्वतंत्र वर्णन केले. काळ्या, सावळ्या, गोऱ्या अशा सर्व वंशांत त्याचे प्रमाण साधारण सारखेच आहे. बाकीचे प्रकार दुर्मिळ असल्यामुळे भारतीय रुग्णांत मात्र त्याचाच वाटा मोठा दिसतो. २०१७ मध्ये मेलनोमाच्या गाठींतील जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तळपायाच्या आणि नखाच्या बहुतेक गाठींत उन्हामुळे होणाऱ्या बिघाडाच्या खुणा नगण्य होत्या. “दिवसभर उन्हात राबतात म्हणून झाला” आणि “पाय कधी उन्हात नसतात म्हणून होणार नाही” ही दोन्ही वाक्ये त्यामुळे चुकीची ठरतात.

जपानी त्वचारोगतज्ज्ञांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की तळपायावरचे मेलनोमा टाच आणि चवडा या भार पेलणाऱ्या भागांवर जास्त आढळतात. मधल्या खोलगट भागात कमी. याचा अर्थ अनवाणी चालल्याने कर्करोग होतो असा नाही. पण डाग शोधायचा कुठे, हे त्यातून कळते. याच जागांवर कुरूप होते, याच जागांना भेगा पडतात, आणि म्हणूनच इथे निदान चुकते.

“कुरूप आहे, जाईल”

सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांत आषाढ-श्रावणात भातलावणी होते. माणसे तासन् तास चिखलात उभी असतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. वरकस जमिनीवर नाचणी-वरीची कामे करताना काटे मोडतात. भात कापून झाले की टाचा फुटतात. ज्या पायाला वर्षभर काही ना काही होतच असते, त्या पायावरच्या एका नव्या डागाकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक आहे. त्यावर रुईचा चीक लावला जातो, बिब्ब्याने डागले जाते, औषधाच्या दुकानातली कॉर्न कॅप चिकटवली जाते, ब्लेडने वरची कातडी तासली जाते. कुरपावर यांतले काही उपाय चालूनही जातात. मेलनोमावर मात्र त्यांनी दुहेरी नुकसान होते. पृष्ठभागावरचा रंग जळून जातो आणि डाग बरा झाल्यासारखा वाटतो, पण खाली वाढ चालूच राहते. आणि पुढे डॉक्टरने पाहिले तरी मूळ खूण उरलेली नसते.

कुरूप थेट दाबल्यावर दुखते आणि त्याच्या मध्यभागी कडक, काहीसा पारदर्शक गाभा असतो. चामखिळीत टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात. त्या गोठलेल्या रक्तवाहिन्या असतात. मेलनोमाचा डाग बहुधा सपाट असतो, कडा अस्पष्ट आणि वेड्यावाकड्या, रंग कुठे करडा, कुठे काळा, कुठे निळसर, आणि तो हळूहळू पसरतो. सुरुवातीला तो दुखत नाही. “दुखत नाही म्हणजे साधेच आहे” हा समज या आजाराच्या बाबतीत नेमका उलटा ठरतो. काही मेलनोमांत रंगच नसतो: गुलाबी, ओलसर, सहज रक्त येणारा मांसल उंचवटा दिसतो, आणि तो न भरणारी जखम समजला जातो. मधुमेह असलेल्यांत ही चूक फार होते, कारण पायाची जखम चिघळण्याचे कारण आयतेच हाताशी असते. दोन महिन्यांत न भरलेली, वाढत जाणारी किंवा रक्त येणारी तळपायाची कोणतीही जखम तुकडा काढून तपासली गेली पाहिजे, साखर कितीही असो.

सगळे डाग संशयास्पद नसतात, हेही तितकेच खरे. सावळ्या लोकांच्या तळव्यांवर लहान तपकिरी ठिपके अनेकदा असतात, दोन्ही पायांवर असतात आणि वर्षानुवर्षे तसेच राहतात. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप या भिंगाने फरक ओळखतात. तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या समांतर रेषा असतात. निरुपद्रवी तिळाचा रंग सहसा या रेषांमधल्या खाचांत साठतो, मेलनोमाचा उंचवट्यांवर. ही खूण जपानमध्ये प्रथम तपशिलाने अभ्यासली गेली आणि आज जगभर वापरली जाते. तपासणीला काही मिनिटे लागतात, कुठे टोचावे लागत नाही.

जुन्या तिळावरच लक्ष ठेवले की पुरे, हाही अपुरा सल्ला आहे. सुमारे ७० टक्के मेलनोमा तीळ नसलेल्या जागी नव्याने उगवतात.

“ठेच लागली म्हणून नख काळे पडले”

दगडाची ठेच लागून अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळते, ही रोजची गोष्ट आहे. असा डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि त्याच्या मागून स्वच्छ नख येते. हाताचे नख सुमारे सहा महिन्यांत पूर्ण नवे होते, पायाच्या अंगठ्याचे वर्ष-दीड वर्षात. डाग जागचा हलत नसेल, तर ठेचेचे कारण बाद होते. एकाच नखात उभी काळी पट्टी उमटणे, ती तीन मिलिमीटरहून रुंद होणे, मुळाशी जास्त रुंद असणे, नख चिरणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काळा रंग नखाबाहेरच्या कातडीवर उतरणे ही मेलनोमाची लक्षणे आहेत. हाताचा किंवा पायाचा अंगठा त्याची आवडती जागा. अनेक नखांवर फिकट उभ्या रेषा असणे मात्र आपल्याकडे सर्रास आढळते, त्यात घाबरण्यासारखे काही नसते. कातडी सुजून लाल झालेले, ठणकणारे नखुरडे वेगळे. औषधाने ते काही दिवसांत बसते.

गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या नखाखाली १९७७ मध्ये मेलनोमा निघाला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा समजली गेली होती. ११ मे १९८१ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. इजेमुळे कर्करोग झाला असे त्यातून सिद्ध होत नाही. इजेमुळे बोटाकडे लक्ष गेले, एवढेच.

“सुरी लागली की पसरतो”

गावोगावी ऐकू येणारे हे वाक्य अनेक रुग्णांना डॉक्टरांपासून दूर ठेवते. तपासणीसाठी तुकडा काढल्याने मेलनोमा पसरत नाही. लहान डाग असेल तर तो एक-दोन मिलिमीटर कडेसह पूर्णच काढून प्रयोगशाळेत पाठवतात. मोठा असेल तर सर्वांत जाड किंवा गडद भागाचा तुकडा घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीची खोली मिलिमीटरमध्ये मोजली जाते. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये सांगितलेले हे मोजमाप आजही उपचार ठरवण्याचा पाया आहे. म्हणून दवाखान्यात एखादी “काळी गाठ” जाळून टाकणे किंवा कापून फेकून देणे चूक. तुकडा तपासणीला गेला का, हा प्रश्न रुग्णाने विचारायलाच हवा.

निदान झाले की पाय कापावा लागतो, ही भीतीही बहुतेक वेळा निराधार असते. गाठ एक मिलिमीटरपर्यंत खोल असेल तर भोवतालची एक सेंटिमीटर त्वचा, दोनहून खोल असेल तर दोन सेंटिमीटर त्वचा काढतात. टाचेवर उघडी पडलेली जागा तळव्याच्या खोलगट भागातली त्वचा रक्तवाहिनीसह फिरवून झाकता येते, आणि त्या टाचेवर पुन्हा चालता येते. नखाखालच्या अगदी उथळ आजारात बोट वाचवून फक्त नखाचा भाग काढता येतो. खोल गेलेल्या आजारात मात्र बोटाचे पेर काढावे लागू शकते. उशीर झाल्याची किंमत इथे मिलिमीटरमध्ये मोजली जाते.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे इथल्या लोकांना पक्के ठाऊक आहे. मेलनोमाही त्याच वाटेने जातो. फरक असा की जंतूंमुळे आलेले अवधाण दुखते आणि काही दिवसांत उतरते. कर्करोगाची गाठ कडक, न दुखणारी आणि कायम राहणारी असते. गाठ हाताला लागत नसतानाही, आजार ०.८ मिलिमीटर किंवा त्याहून खोल असल्यास निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव्य टोचून पायाकडून येणारी पहिली लसिकाग्रंथी शोधतात आणि तपासतात. ही पद्धत डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये मांडली. तिच्यामुळे जांघेतल्या सर्व ग्रंथी सरसकट काढण्याची गरज उरली नाही, आणि पाय सुजण्याचा त्रासही टळला.

“पसरला म्हणजे संपले”

२०११ पूर्वी हे जवळजवळ खरे होते. जुनी केमोथेरपी मेलनोमावर फारशी चालत नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीला अडवणारे ब्रेक काढून घेणाऱ्या औषधांनी चित्र बदलले. या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. पसरलेल्या मेलनोमात दोन इम्युनोथेरपी औषधे एकत्र दिलेल्या एका मोठ्या चाचणीत दहा वर्षांनी ४३ टक्के रुग्ण हयात होते. तळपायाच्या प्रकारात हा प्रतिसाद कमी मिळतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गाठीत बीआरएएफ किंवा केआयटी जनुकांतला बिघाड सापडला तर गोळ्यांचा पर्याय असतो, म्हणून ती चाचणी करून घेतात. इम्युनोथेरपीची औषधे महाग आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मानेच्या कर्करोगात त्यांतले निवोलुमॅब हे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी देऊन उपयोग दाखवला आहे. तो निष्कर्ष मेलनोमाला जसाच्या तसा लागू होत नाही.

उपचारासाठी फार दूर जावे लागते, हा समज अर्धा खरा आहे. पहिली तपासणी महाड किंवा पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयातून सुरू होऊ शकते. टाटा मेमोरियल रुग्णालय परळला १९४१ पासून आहे, पण त्याच संस्थेचे खारघरचे केंद्र रायगड जिल्ह्यातच, महाडहून मुंबई-गोवा महामार्गाने जाताना पनवेलच्या पुढे आहे. दक्षिणेला, कशेडी घाटापलीकडे डेरवणचे वालावलकर रुग्णालय आहे. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया तिच्यात येतात. कोणते औषध बसते आणि कोणते नाही, हे अंगीकृत रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगतो. मोठ्या रुग्णालयात जाताना अहवालाच्या कागदाबरोबर प्रयोगशाळेतून तुकड्याचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्याव्या लागतात. त्या नसल्या तर फेरी वाया जाते.

उपचारानंतर पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी होते: जुनी जागा, तिच्या आणि जांघेच्या मधली त्वचा, जांघ, दुसरा तळवा आणि वीसही नखे. वयस्कर माणसांना स्वतःचा तळवा वाकून पाहता येत नाही. तो घरातल्या दुसऱ्या कोणी महिन्यातून एकदा, पाय धुऊन, उजेडात पाहायचा असतो, आणि डाग असल्यास शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा असतो.