नगररचना व लोकारोग्य : धुळें शहराचा दाखला

प्रकृति, आहार, वय व बल हीं भिन्न असतांही एका गांवचीं माणसें एकाच वेळीं एकाच रोगानें कशीं मरतात, असा प्रश्न चरकसंहितेच्या विमानस्थानांत अग्निवेशानें आत्रेयांस विचारला आहे. आत्रेयांचें उत्तर असें कीं, वायु, उदक, देश व काल हे चार भाव सर्वांस समान असतात. ते बिघडले म्हणजे जनपदाचा नाश होतो. ह्यांपैकीं काल मनुष्याच्या हातीं नाहीं. पहिले तीन मात्र पुष्कळ अंशीं गांव वसविणाऱ्याच्या हातीं असतात. ह्या दृष्टीनें धुळ्याकडे पाहूं.

इ. स. १८०३ च्या दुष्काळांत व होळकरी धामधुमींत धुळें ओस पडलें. पुढील वर्षीं विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंत यांनीं तें पुन्हा वसविलें. १८१९ त कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें तेथें खानदेशचें मुख्य ठाणें केलें, तेव्हां गांवांत ४०१ घरें व २,५०९ माणसें होतीं. एका अंगास पांझरा व दुसऱ्या अंगास पाट, ह्यांमध्यें तें कोंडलेलें होतें. ब्रिग्जनें नवी वस्ती आंखली, घरांस कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या व बांधकामास आगाऊ रकमाही दिल्या. हेतु व्यापारी आणण्याचा होता. तथापि सरळ रस्त्यांबरोबर वारा व ऊन घरांपर्यंत पोहोंचलें. जुन्या धुळ्याच्या वेड्यावांकड्या बोळांस तो लाभ नव्हता.

वायूची सोय झाली म्हणून उदकाची होते असें मात्र नाहीं. जिच्या पाण्यासाठीं गांव काठावर वसलें, त्याच पांझरेनें १८७२ च्या महापुरांत घरादारांची मोठी हानि केली. पूर डोळ्यांस दिसतो. दूषित व सांचलेलें पाणी गुपचूप मारतें. लंडनांत १८५४ त डॉ. जॉन स्नो यांनीं पटकीचा माग एका रस्त्यावरील पंपापर्यंत लाविला. १८९७ त रोनाल्ड रॉस यांस हिवतापाचा जंतु डांसाच्या पोटांत आढळला. तात्पर्य, रस्ता कितीही सरळ असो, त्याच्या कडेची मोरी तुंबली तर आरोग्य राहत नाहीं. देशाचेंही तसेंच. प्लेगच्या सांथींत लोक गांव सोडून माळावर झोपड्यांत राहत. उंदीर व त्यांवरील पिसवा मागें राहिल्यानें पुष्कळ जीव वांचत.

आतां संग्राहक बंधूंस एक विनंति. सनदा, बखरी व पोथ्या आपण जपतों. परंतु घरांच्या खरेदीखतांतील चतुःसीमा, बोळ, विहीर व सांडपाण्याच्या वाटेवरून झालेले तंटे, हे कागद रद्दींत जातात. विहीर कोठें होती, पावसाचें पाणी कोणत्या वाटेनें नदीस मिळे, हें त्यांतूनच कळतें. आज नाला बुजवून त्यावर घर उभें राहतें. पुढें त्या घरांत पाणी शिरतें, तेव्हां येथें नाला होता अशी साक्ष देणारा तोच एक कागद उरलेला असतो. धुळें व जळगांव येथील जुन्या वाड्यांतील असे कागद पोथ्यांइतक्याच आस्थेनें जतन व्हावे. ते केवळ इतिहासाचें साधन नसून, पुढें गांव आंखणाऱ्यास आरोग्याचेंही साधन होत.