यंत्र उतरतं, सॉफ्टवेअर का उतरत नाही?

संगणक दर काही वर्षांनी त्याच पैशांत अधिक ताकदीचा मिळतो, हे आता आपल्या अंगवळणी पडलं आहे. मग त्यात चालणारं सॉफ्टवेअर तसंच स्वस्त का होत नाही?

आधी यंत्राचं पाहू. पुढे इंटेल कंपनी स्थापन करणाऱ्या गॉर्डन मूर यांनी १९६५ साली अंदाज वर्तवला, की चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल. १९७५ मध्ये त्यांनी हा काळ दोन वर्षांचा केला. तेवढ्याच सिलिकॉनवर जास्त घटक बसले, की एकेक घटक स्वस्त पडतो. शिवाय एका कंपनीची हार्ड डिस्क काढून दुसरीची बसवता येते, म्हणून स्पर्धाही कडक असते. अर्थात माल कमी पडला की भाव चढतोही. २०११ साली थायलंडमधल्या पुरात कारखाने बुडाले, तेव्हा जगभर हार्ड डिस्क महागल्या.

सॉफ्टवेअरचं गणित निराळं आहे. तिथे सगळा खर्च पहिल्या प्रतीचा, म्हणजे माणसांच्या श्रमाचा. चिपवर घटक दुप्पट बसले म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा पगार निम्मा होत नाही. दुसरी प्रत मात्र जवळजवळ फुकट निघते. त्यामुळे किंमत खर्चावर ठरत नाही, गिऱ्हाईक किती देईल यावर ठरते. म्हणूनच १९९१ साली सुरू झालेलं लिनक्स मोफत मिळू शकतं आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टला विंडोज १० जुन्या ग्राहकांना वर्षभर विनामूल्य देणं परवडलं. उलट अडोबीने २०१३ मध्ये फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवर द्यायला सुरुवात केली. एकदाची खरेदी संपली, भाडं सुरू झालं.

भाडेकरू घर का सोडत नाही? सामान हलवणं जड जातं म्हणून. मराठी छपाईच्या धंद्याने हे चांगलंच अनुभवलं आहे. युनिकोड रुळण्याआधी एका कंपनीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसरीकडे उघडला, की अक्षरांची खिचडी व्हायची. वर्षानुवर्षांचं काम त्या एकाच सॉफ्टवेअरच्या दावणीला बांधलं जायचं.

तेव्हा घरासाठी, दुकानासाठी किंवा शाळेसाठी सॉफ्टवेअर घेताना किंमत जरूर विचारा. पण त्याआधी एक प्रश्न विचारा : उद्या हे सोडायचं ठरवलं, तर माझं काम मला बरोबर नेता येईल का? खरी किंमत त्या उत्तरात असते.