सर कोणत्या पक्षाचे? पोरांच्या मार्कांवर परिणाम होतो का? समजून घ्या

अमरावती/अकोला : निवडणूक आली की कॉलेजातले सर कोणत्या गटाचे, याची चर्चा गावच्या पारावर रंगते. ‘सर त्या पक्षाचे, आपल्या पोराला मार्क देतील का?’ ही काळजीही त्यातूनच येते. यात खरं किती आणि पालकांच्या हातात काय, ते पाहू.

प्राध्यापक राजकारणात कसे?

आपल्याकडे कायद्यानेच तशी जागा ठेवली आहे. घटनेच्या कलम 171 नुसार विधान परिषदेत पदवीधर आणि शिक्षक असे वेगळे मतदारसंघ आहेत. महाराष्ट्रात 78 पैकी प्रत्येकी 7 जागा त्यांच्या. अमरावती विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे 5 जिल्हे येतात.

‘नुटा’ या प्राध्यापक संघटनेचे नेते प्रा. बी. टी. देशमुख यांनी पदवीधर मतदारसंघाचे तब्बल 30 वर्षे प्रतिनिधित्व केले. विदर्भाच्या अनुशेषाचा प्रश्न त्यांनी सभागृहात लावून धरला. 2010 मध्ये ही जागा भाजपचे डॉ. रणजित पाटील यांच्याकडे गेली, तर 2023 मध्ये काँग्रेसचे धीरज लिंगाडे निवडून आले.

विद्यापीठातही तेच

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ 1983 मध्ये सुरू झाले. त्याच्या सिनेटवर, म्हणजे अधिसभेवर, 10 शिक्षक आणि 10 नोंदणीकृत पदवीधर निवडून जातात. तिथे पक्षाचे चिन्ह नसते, पण पॅनल असतात आणि कोणतं पॅनल कोणत्या विचाराचं, हे सगळ्यांना माहीत असतं. विद्यापीठाचा अर्थसंकल्प याच सभेपुढे येतो.

कुलगुरू मात्र निवडून येत नाही. शोध समिती नावे सुचवते आणि कुलपती म्हणून राज्यपाल त्यातून एक नेमतात. 2021 मध्ये तेव्हाच्या आघाडी सरकारने ही नावे आधी सरकारकडे जावीत, असे विधेयक मंजूर करून घेतले होते. 2022 मध्ये सरकार बदलले आणि ते मागे घेतले गेले. म्हणजे विद्यापीठावर ताबा कोणाचा, ही ओढाताण दोन्ही बाजूंनी आहे.

मत वेगळं, मार्क वेगळे

सरांना मत असणं, त्यांनी निवडणूक लढवणं हा गुन्हा नाही. वर्गात दुसरी बाजू सांगितलीच नाही, प्रचाराला पोरं नेली किंवा वेगळं मत मांडलं म्हणून मार्क कापले, तर तो पक्षपात.

विद्यापीठाच्या लेखी पेपरवर पोराचं नाव नसतं, त्यामुळे तिथे भीती कमी. अंतर्गत गुण, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत मात्र सर पोराला ओळखतात. लक्ष तिथे ठेवायचं.

शंका आली तर काय करावं?

• लेखी पेपर : निकालानंतर ठरलेल्या मुदतीत फी भरून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागता येते, पुनर्मूल्यांकनही करता येते.

• अंतर्गत गुण : यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावीच लागते. मूल्यमापनातला अन्याय तिच्या कक्षेत येतो. समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर निर्णय मिळाल्यापासून 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते.

• तक्रार लेखीच द्या, पोच घ्या. ‘सर अमुक पक्षाचे आहेत’ एवढं लिहून भागत नाही. कोणती परीक्षा, किती गुण, तशाच कामाला दुसऱ्याला किती, हे लिहा.

मतदार यादीत नाव आहे का?

घरात पदवी होऊन 3 वर्षे झालेलं कोणी असेल, तर त्याला पदवीधर मतदारसंघात मत देता येते. पण ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही, नमुना 18 पुन्हा भरावा लागतो. सिनेटसाठी विद्यापीठाकडे वेगळी नोंदणी असते. गावातले पदवीधर नोंदणीच करत नाहीत, तिथे सिनेटवर कोण जाणार हे शहरातली पॅनलंच ठरवतात.