घडीचा फोन आणि संसाराची घडी

पुण्याच्या बुधवार पेठेतील मोबाइलच्या दुकानात घडीचा फोन हाती घेणारा नोकरदार ग्राहक बहुधा किंमत विचारीत नाही. हप्ता किती, असे विचारतो. या फोनच्या बाजारपेठेचे बरेचसे भवितव्य या एका प्रश्नात सामावलेले आहे.

घडीचा फोन म्हणजे निव्वळ श्रीमंतांचे खेळणे, असे म्हणून चालणार नाही. पुस्तकासारखा उघडणाऱ्या प्रकारात पडदा चांगला ऐसपैस मिळतो. परिपत्रक आणि तक्ता शेजारी-शेजारी ठेवून काम करणाऱ्या लिपिकास किंवा बसमध्ये टिपणे वाचणाऱ्या विद्यार्थ्यास तो खचितच उपयोगी आहे. मधोमध आडवा मिटणारा दुसरा प्रकार मात्र उघडल्यावर नेहमीच्या फोनएवढाच होतो. त्याची सोय खिशाला, डोळ्यांना नव्हे.

दुर्दैवाने स्वस्ताई आली ती मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात. मोटोरोलाचा रेझर ४० हा फोन २०२३ मध्ये ५९,९९९ रुपयांस आला. उलट सॅमसंगचा पुस्तकी फोल्ड २०१९ मध्ये १,६४,९९९ रुपयांस होता, तर २०२५ मधील फोल्ड ७ ची किंमत १,७४,९९९ रुपयांपासून सुरू झाली. टेक्नोने २०२३ मध्ये ८८,८८८ रुपयांस आणलेला पुस्तकी फोन हा अपवाद होय. लवचीक पडदा आणि बिजागरी यांवर खर्च अधिक होतो आणि जपावे लागते तेही यांनाच.

हप्त्याची वाट पुण्याला नवी नाही. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसले. १९८७ मध्ये बजाज ऑटो फायनान्स निघाली, ती दुचाकी-तीनचाकी वाहनांच्या कर्जासाठी. तीच पुढे बजाज फायनान्स झाली आणि आज ती मोबाइलसाठीही कर्ज देते. परंतु स्कूटर हप्ते फिटल्यावरही वर्षानुवर्षे चाले. रिक्षा तर आपले हप्ते स्वतःच कमावी.

पावणेदोन लाखांच्या फोनचा चोवीस महिन्यांचा हप्ता व्याजाविनाही दरमहा सुमारे ७,३०० रुपये होतो. बिनव्याजी हप्ता किंमत विभागतो, कमी करीत नाही. तेव्हा ग्राहकाने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: शेवटचा हप्ता फिटल्यावर हा फोन किती वर्षे कामाचा राहील आणि पडदा बदलावयास काय पडेल? या प्रश्नाचे उत्तर विक्रेता लेखी देऊ लागेल, तेव्हा मध्यमवर्गाची बाजारपेठ त्याला आपोआप खुली होईल. तोवर फोनची घडी उलगडताना संसाराची घडी विस्कटणार नाही, एवढे पाहणे हेच शहाणपणाचे.