ड्रॅक्युला : पडद्यावरचा आणि पानांवरचा

ड्रॅक्युला बहुतेकांना आधी पडद्यावरच भेटतो. ब्रॅम स्टोकरची मूळ कादंबरी (१८९७) उघडली की फरक दिसतात.

● रूप : काउंट ड्रॅक्युला पहिल्यांदा दिसतो तो म्हातारा, लांब पांढऱ्या मिशांचा.

● ऊन : तो दिवसाही लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याची शक्ती घटते. उन्हाने मरण ही ‘नोस्फेरातू’ (१९२२) या मूकपटाची भर.

● शेवट : ड्रॅक्युला मरतो तो छातीत खुंटी ठोकून नव्हे, तर कुकरी आणि सुऱ्याने.

● मांडणी : रोजनिशा, पत्रे, तारा, बातम्यांची कात्रणे.

● मराठीत : नारायण धारपांची ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर (१९७५) बेतलेली, किंगच्या कादंबरीच्याही मुळाशी ड्रॅक्युलाच.

सिनेमा पाहिलेल्यांनी निदान पहिली चार प्रकरणे वाचावीत. ड्रॅक्युलाच्या किल्ल्यातला बहुतेक थरार तिथे आहे.