पालघरचे हादरे आणि बर्फाखालचे ज्वालामुखी

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ मध्ये जमीन हादरू लागली. एखादा धक्का बसून प्रकरण तिथेच मिटेल, ही अपेक्षा फोल ठरली. धुंदलवाडी परिसरातील गावांना दिवसरात्र लहान-लहान धक्के जाणवत राहिले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी चारपेक्षा थोड्या अधिक तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा भीतीने घराबाहेर धावताना पडून एका दोन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. प्रशासनाने तंबू वाटले, शाळा उघड्यावर भरू लागल्या. मालिका त्यानंतरही पूर्णपणे शमली नाही. कधी वाढत, कधी मंदावत ती पुढील काही वर्षे सुरू राहिली.

धुंदलवाडीपासून वसई-विरार साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. तिथल्या धक्क्यांची बातमी आली की इथेही एक शंका हमखास डोके वर काढते : आपल्या पायाखाली एखादा ज्वालामुखी तर जागा होत नाही ना? ही शंका अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही. जीवदानीच्या डोंगरापासून तुंगारेश्वरपर्यंतचा सारा काळा पाषाण लाव्ह्याचाच आहे. वज्रेश्वरी, गणेशपुरी आणि अकलोली येथील गरम पाण्याची कुंडे येथून जवळच आहेत. जमिनीखाली ऊन पाणी, जमिनीवर लाव्ह्याचा खडक आणि भरीस भर म्हणून धक्के, एवढे सारे जुळून आल्यावर ज्वालामुखीची आठवण होणे स्वाभाविक आहे.

शास्त्रज्ञांचे उत्तर मात्र नकारार्थी आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि त्याचा मूळ अग्नी केव्हाच विझला. कोकणातील कुंडांचे पाणी भेगांतून खोलवर झिरपते, पृथ्वीच्या अंतरंगातील नेहमीच्या उष्णतेने तापते आणि वर येते. त्याला तापविण्यासाठी वितळलेल्या खडकाची गरज नसते. परंतु ‘नाही’ असे ठामपणे सांगता येते ते कशाच्या आधारावर? जमिनीखाली दहा किलोमीटरवर काय चालले आहे, हे कोणी पाहिलेले नाही. ते ओळखण्याची जी थोडी साधने माणसाकडे आहेत, त्यांत लहान भूकंपांची नोंद हे प्रमुख साधन आहे. आणि ही विद्या ज्या देशांत कसास लागली, त्यांत आइसलँड अग्रभागी आहे.

आइसलँडचे कित्येक ज्वालामुखी हिमनद्यांखाली गाडलेले आहेत. मिर्दाल्सयोकुल या हिमटोपीखाली कातला आहे, वातनायोकुल या अवाढव्य हिमटोपीखाली ग्रिम्सवोत्न आणि बाउर्दारबुंगा आहेत. त्यांच्यावर शेकडो मीटर जाडीचा बर्फ आहे. त्यामुळे विवरातून धूर निघतो का, जमिनीला भेगा पडल्या का, हे डोळ्यांनी पाहण्याची सोयच नाही. शिवाय उद्रेक झालाच, तर लाव्ह्याच्या आधी पाण्याचा धोका असतो. बर्फ वितळून साचलेले पाणी एकाएकी फुटते आणि वाटेतले रस्ते, पूल, शेते घेऊन समुद्राला मिळते. १९९६ मध्ये वातनायोकुलखाली उद्रेक झाला आणि त्यानंतर सुमारे महिनाभराने असा महापूर आला. देशाच्या मुख्य महामार्गावरील पूल त्यात वाहून गेले. कातलाच्या पायथ्याशी असलेल्या वीक गावातील लोकांना म्हणूनच उद्रेकाची सूचना काही तास जरी आधी मिळाली, तरी ती जीवनमरणाचा प्रश्न सोडवू शकते.

ही सूचना देण्याचे काम लहान भूकंप करतात. शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, वर चढू लागला की आजूबाजूचा कठीण खडक फोडूनच त्याला वाट काढावी लागते. खडक फुटला की बारीक धक्का बसतो. असे बहुतेक धक्के एक-दोन तीव्रतेचे किंवा त्याहूनही क्षीण असतात, माणसाला कळतही नाहीत. तीव्रतेचा एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते, हे लक्षात घेतले म्हणजे एक तीव्रतेचा धक्का टिपण्यासाठी यंत्र किती जवळ हवे याची कल्पना येते. भूकंपाच्या दोन प्रकारच्या लहरी निघतात, एक वेगवान आणि एक मंद. दोन्ही यंत्रापर्यंत पोहोचण्यात जितक्या सेकंदांचे अंतर पडते, त्या प्रत्येक सेकंदामागे केंद्र साधारण आठ किलोमीटर दूर धरले जाते. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांतील अंतरावरून ढग किती दूर आहे हे ओळखावे, तसाच हा हिशेब. अशी तीन-चार यंत्रांची मोजमापे एकत्र केली की धक्क्याचे ठिकाण निश्चित होते. खोली ठरविणे मात्र त्याहून कठीण. त्यासाठी एखादे तरी यंत्र केंद्राच्या जवळपास डोक्यावर असावे लागते.

बर्फाच्या प्रदेशात इथेच अडते. हिमनदी स्वतः सरकत असते, त्यामुळे यंत्रे बर्फातून वर डोकावणाऱ्या खडकांवर किंवा हिमटोपीच्या कडेने बसवावी लागतात. हिवाळ्यातील वादळे त्यांना गाडून टाकतात. सर्वांत मोठी अडचण म्हणजे बर्फही तडकतो आणि त्याचा तडकाही यंत्रावर भूकंपासारखाच उमटतो. बर्फाखालून पुराचे पाणी धावू लागले तर सतत थरथर नोंदली जाते, आणि शिलारस उसळतानाही जवळपास तशीच थरथर येते. जुलै २०११ मध्ये कातलाच्या यंत्रांवर अशी थरथर उमटली, पाठोपाठ पूर आला आणि महामार्गावरील एक पूल वाहून गेला. बर्फाखाली छोटासा उद्रेक झाला होता, की नुसते साठलेले पाणी फुटले, यावर नंतरही तज्ज्ञांचे एकमत झाले नाही. जगातील उत्तम यंत्रजाळ्यांपैकी एक हाताशी असतानाची ही गोष्ट आहे. म्हणूनच आता यंत्रांच्या जोडीला नवे मार्ग शोधले जात आहेत. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी ग्रिम्सवोत्नच्या बर्फात सुमारे बारा किलोमीटर लांबीची प्रकाशतंतूंची तार पुरली. दूरध्वनीसाठी वापरतात तशाच त्या तारेतून प्रकाश सोडून तिचा प्रत्येक भाग किती ताणला गेला हे मोजले, आणि नेहमीच्या जाळ्याला न दिसलेले असंख्य सूक्ष्म धक्के उजेडात आले.

या विद्येचे सर्वांत प्रेक्षणीय यश बाउर्दारबुंगाचे. १६ ऑगस्ट २०१४ रोजी या ज्वालामुखीखाली धक्क्यांची गर्दी सुरू झाली. रोजच्या रोज केंद्रे नकाशावर मांडली जात होती आणि दिवसागणिक ती ज्वालामुखीपासून दूर, ईशान्येकडे सरकत होती. जमिनीखाली शिलारस एका उभ्या भेगेतून पुढे पुढे घुसत होता. दोन आठवड्यांत ती भेग पंचेचाळीस किलोमीटरहून लांब झाली, हिमनदीची कड ओलांडून गेली आणि ऑगस्टच्या अखेरीस मोकळ्या मैदानात लाव्हा बाहेर पडला. हा उद्रेक २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत चालला. शिलारसाचा प्रवास माणसाने जवळजवळ पावलागणिक पाहिला, तोही केवळ धक्क्यांच्या नकाशावरून आणि उपग्रहाधारित यंत्रांनी मोजलेल्या जमिनीच्या ताणावरून.

त्याआधी २०१० मध्ये एयाफ्यातलायोकुलने हेच केले होते. तिथे १९९४ आणि १९९९ मध्येही धक्क्यांची मालिका होऊन उद्रेकाविना थांबली होती. २०१० च्या आरंभी मात्र जमीन फुगू लागली, धक्के उथळ होत गेले. मार्चमध्ये डोंगराच्या बगलेतून लाव्हा आला आणि १३ एप्रिलच्या रात्री शिखराखाली धक्के सुरू होऊन अवघ्या दोन-तीन तासांत बर्फाखाली उद्रेक झाला. तेवढ्या वेळात पायथ्याची सुमारे आठशे माणसे हलविण्यात आली. राखेमुळे युरोपचे आकाश बंद पडले, मुंबईहून जाणारी विमानेही रद्द झाली, ही बाजू आपल्याकडे अधिक गाजली. रात्रीतून रिकाम्या झालेल्या त्या शेतघरांची बातमी त्या मानाने कमी लोकांनी वाचली.

आता हाच चष्मा लावून पालघरकडे पाहावे. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी अनुसंधान संस्था आणि दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र यांनी २०१८-१९ मध्ये डहाणू-तलासरीत जादा भूकंपमापक बसविले आणि हजारो धक्क्यांची नोंद घेतली. ही केंद्रे फार खोल नव्हती, परंतु बाउर्दारबुंगाप्रमाणे ती एखाद्या दिशेने दहा-वीस किलोमीटर धावतही सुटली नाहीत. एका छोट्या पट्ट्यातच घुटमळत राहिली. धक्क्यांचे स्वरूप खडकाच्या जुन्या विभंगावर एक बाजू दुसरीवरून खाली घसरण्याचे होते. उपग्रहांच्या रडार नोंदींत जमीन फुगल्याची नव्हे, तर किंचित खचल्याची चिन्हे आढळली. शिलारस वर येत असता तर याच्या उलट दिसायला हवे होते. हे धक्के ज्वालामुखीचे नव्हेत, हा निष्कर्ष अशा अनेक पुराव्यांच्या जोडणीतून आलेला आहे.

मग खडक आताच का घसरू लागला? अनेक अभ्यासकांचे बोट पाण्याकडे आहे. मुसळधार पावसाचे पाणी भेगांतून खोल झिरपते, छिद्रांतील दाब वाढवते आणि आधीच ताणाखाली असलेल्या विभंगाची पकड सैल होते. मोसमी पावसानंतर धक्के वाढण्याची प्रवृत्ती या तर्काला पुष्टी देते. गंमत अशी, की या एका मुद्द्यावर पालघर आणि कातला एकमेकांच्या जवळ येतात. कातलाच्या परिसरातही शरद ऋतूत लहान धक्के वाढतात. उन्हाळ्यात बर्फ वितळल्याने डोंगरावरचा भार हलका होतो आणि वितळलेले पाणी खडकात शिरते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले आहे. महाराष्ट्राला पाणी आणि भूकंप हे नाते नवे नाही. कोयनेचे धरण १९६२ पासून भरू लागले, ११ डिसेंबर १९६७ रोजी सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला आणि तेव्हापासून तिथले धक्के थांबलेले नाहीत. कोयना परिसरात केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विंधनविवर पूर्ण केले, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटरवर लाव्ह्याचा खडक संपून प्राचीन ग्रॅनाइट लागला. धक्के बसतात ते या जुन्या खडकात. वर दिसणारा काळा पाषाण हा त्यावरचा थर.

त्या पाषाणातही बाउर्दारबुंगाची एक आठवण आहे. पालघर-ठाण्याच्या डोंगरांत कित्येक ठिकाणी काळ्या खडकाच्या उभ्या भिंती आडव्या थरांना छेदून गेलेल्या दिसतात. भूवैज्ञानिक त्यांना भित्ती म्हणतात. शिलारसाने भरलेल्या आणि नंतर थिजलेल्या भेगा त्या ह्याच. आइसलँडमध्ये २०१४ च्या ऑगस्टमध्ये दोन आठवड्यांत घडले, तसे येथे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पुन्हा पुन्हा घडले. फरक एवढाच की तेव्हाचे धक्के मोजायला कोणी नव्हते.

ज्वालामुखी नाही, हे ऐकून हायसे वाटणे साहजिक आहे. पूर्वसूचनेच्या दृष्टीने पाहिले तर मात्र पालघरची स्थिती आइसलँडहून अवघड आहे. शिलारस वर येताना धक्के, जमिनीची फुगवट आणि वायू अशी अनेक चिन्हे एका दिशेने बोलू लागतात. त्यावरून काही तासांची मुदत मिळू शकते. विभंगावरील लहान धक्क्यांना अशी ठरलेली भाषा नाही. मध्य प्रदेशातील खांडव्याजवळ १९९८ मध्ये हजारो धक्के बसले आणि मोठ्या भूकंपाविना ओसरले. किल्लारीत मात्र १९९२ मध्ये अनेक महिने लहान धक्के बसले, लोक घाबरले, मग धक्के थांबले आणि लोक पुन्हा घरात झोपू लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्याच ठिकाणी झालेल्या भूकंपाने हजारोंचे बळी घेतले. दोन्ही मालिकांचे आरंभ समोर ठेवले तरी कोणती कुठे जाणार हे सांगणारी रीत आजही उपलब्ध नाही. ‘अमुक तारखेला मोठा भूकंप’ असे जे संदेश फिरतात, त्यांना म्हणूनच काडीचा आधार नसतो. आणि ‘लहान धक्क्यांनी ताण मोकळा झाला, आता भीती नाही’ हे सांत्वनही तितकेच पोकळ आहे. चार तीव्रतेच्या एका धक्क्याइतकी ऊर्जा बाहेर पडायला दोन तीव्रतेचे सुमारे हजार धक्के लागतात. सहाच्या भूकंपाचा हिशेब त्याच प्रमाणात वाढत जातो.

अशा वेळी उरते ते घर. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कारवीच्या कुडाची, मातीने लिंपलेली जुनी घरे हलकी असतात, हादऱ्याबरोबर वाकतात. त्यांच्या जागी आलेल्या, सळईचा पट्टा न घातलेल्या विटांच्या भिंती आधी फाटतात आणि जीवही त्याच घेतात. वसई-विरारमधील प्रश्न याच जातीचा, फक्त मजल्यांनी वाढलेला. २००२ च्या नकाशात मुंबई-ठाण्याच्या या साऱ्या पट्ट्याची गणना तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या भूकंप विभागात झाली आणि त्या विभागातील बांधकामाचे नियम तेव्हापासून छापील आहेत. परवानगीच न घेता उभ्या राहिलेल्या इमारतींना ते लागू करणार कोण? विरार पूर्वेला ऑगस्ट २०२५ मध्ये एक चार मजली अनधिकृत इमारत मध्यरात्री कोसळून सतरा जणांचा बळी गेला. त्या रात्री भूकंप झाला नव्हता. महापालिका अधिनियमाने संरचनात्मक तपासणीचे बंधन घातले आहे ते तीस वर्षांहून जुन्या इमारतींवर, आणि ही इमारत त्या मर्यादेच्या कितीतरी आतली होती.